घड्याळात बारा, सावलीत साडेबारा

चौथीतल्या कुठल्याही मुलाला विचारा, सावली सगळ्यांत लहान कधी असते? 'दुपारी बारा वाजता.' का? 'कारण तेव्हा सूर्य डोक्यावर असतो.' पाठ केलेलं उत्तर आहे, घडाघडा येतं. त्याच मुलाला एक सरळ काठी, खडू आणि घड्याळ देऊन डिसेंबरात शाळेच्या पटांगणात उभं करा. तास-दीड तासात दोन्ही वाक्यं मोडीत निघतील. पुण्या-मुंबईकडे बारा वाजता सावली अजून आखडतच असते, सगळ्यांत लहान होते ती साडेबारा उलटल्यावर. आणि तेव्हाही ती काही थोडीथोडकी नसते. पुण्यात एक मीटर काठीची भर दुपारची सावली डिसेंबरच्या शेवटी सुमारे ९० सेंटिमीटर भरते. सूर्य डोक्यावर नसतोच, तो दक्षिणेकडे चांगलाच कललेला असतो.

प्राथमिक शाळेत 'कृतीतून विज्ञान' म्हणजे नेमकं काय, हे सांगायला मला याहून सोपं उदाहरण सापडत नाही. इथे कृती आणि पुस्तक यांचं पटत नाही, आणि त्या न पटण्यातच सगळा धडा आहे.

एरवी कृती म्हणून जे चालतं ते आपण विज्ञान प्रदर्शनात पाहतोच. मातीचा डोंगर, वर भोक, आत खायचा सोडा आणि व्हिनेगर, लाल रंगाचा फेस. ज्वालामुखी झाला! त्यात आम्ल आणि सोडा एकत्र आल्यावर कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो एवढंच घडतं. खऱ्या ज्वालामुखीत खालचा खडक वितळतो आणि तो रस त्यात कोंडलेल्या वायूंच्या जोरावर वर येतो, त्याचा सोड्याशी काही संबंध नाही. म्हणजे मुलाने हात चालवले आणि वर चुकीची समजूत घेऊन घरी गेलं. बरेचदा हातही त्याचे नसतात. पुठ्ठा बाबांनी कापलेला, अक्षर ताईचं, सामान कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातलं, आणि सगळं आदल्या रात्री अकरा वाजता.

आधी अंदाज, मग काठी

मूल शाळेत येतं ते रिकाम्या डोक्याने येत नाही. जड वस्तू बुडतात, झाड माती खाऊन वाढतं, चंद्र आपल्याबरोबर चालतो, अशा कितीतरी कल्पना त्याने स्वतःच्या अनुभवावर बांधलेल्या असतात. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांचा एक प्रयोग कुणालाही घरी करून पाहता येईल. पाच वर्षांच्या मुलासमोर पसरट पेल्यातलं पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतायचं आणि विचारायचं, आता पाणी जास्त झालं की तेवढंच आहे? बहुतेक मुलं ठामपणे सांगतात, जास्त झालं. पाणी डोळ्यांदेखत ओतलं तरीही. आठ-नऊ वर्षांचं मूल याच प्रश्नावर हसतं.

अशी आतली कल्पना शिक्षकांनी 'चूक आहे' म्हटल्याने जात नाही. मूल परीक्षेपुरतं एक उत्तर शिकतं आणि मनात दुसरं ठेवतं. कल्पना हलते ती तिच्यावर पैज लावून हरल्यावर. म्हणून प्रयोगाआधी प्रत्येकाने वहीत अंदाज लिहायचा, ही या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची पायरी आणि नेमकी वेळ नाही म्हणून गाळली जाणारी. अंदाज लिहिला नसेल तर निकाल पाहिल्यावर वर्गातली चाळीसच्या चाळीस मुलं म्हणतात, 'मला माहीतच होतं.'

सावलीच्या प्रयोगात अंदाज दोन घ्यावेत. सर्वांत लहान सावली किती वाजता, आणि ती कोणत्या दिशेला पडेल. मग काठी रोवायची. ती सरळ उभी आहे हे कसं ठरवणार? इथे गवंड्याचा ओळंबा लागतो. दोऱ्याला दगड बांधला तरी चालतो, पण वर्गातल्या एखाद्या मुलाचे वडील गवंडीकाम करत असतील तर खरा ओळंबाच मागवावा. तो कसा धरायचा हे त्या मुलाला सरांपेक्षा चांगलं ठाऊक असतं आणि त्या दिवशी वर्गाचा मास्तर तोच होतो.

दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करायची, शेजारी वेळ लिहायची. लगेच भांडण सुरू होतं, कारण सावलीचं टोक धूसर असतं. एक म्हणतो इथे, दुसरी म्हणते बोटभर पुढे. हे भांडण मिटवण्याची घाई करू नये. सूर्य ठिपका नाही, आकाशात अर्ध्या अंशाची थाळी आहे, त्यामुळे कडा अशी विरघळते. काठीच्या टोकाला भोक पाडलेला पुठ्ठा लावला तर खुणेसाठी उजेडाचा छोटा गोल मिळतो. हे भोकाचं कधीकधी मुलंच सुचवतात.

दुसरी अडचण खोल आहे. भर दुपारी सावलीची लांबी इतकी सावकाश बदलते की बारा पंचवीस ते बारा पंचेचाळीस सगळ्या खुणा सारख्याच वाटतात. मग सर्वांत लहान कोणती? यावरचा तोडगा कात्यायनाच्या शुल्बसूत्रातल्या, म्हणजे यज्ञवेदीच्या बांधणीवरच्या प्राचीन ग्रंथातल्या, रीतीवर बसवता येतो. काठीभोवती, सूत्राच्या भाषेत शंकूभोवती, दोरीने एक वर्तुळ आखायचं. सकाळी आखडत जाणारी सावली कधीतरी वर्तुळाला टेकून आत शिरते, दुपारनंतर लांबत जाताना पुन्हा टेकून बाहेर पडते. दोन्ही वेळी खूण करायची. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ मिळते. सूत्रकारांना तीच हवी होती, वेदी बांधण्यासाठी. आपल्याला वेळही हवी आहे, म्हणून दोन्ही वेळा घड्याळात पाहायच्या. सावली सकाळी ११ वाजून ५ मिनिटांनी आणि दुपारी २ वाजून ५ मिनिटांनी टेकली, तर मधली वेळ १२ वाजून ३५ मिनिटं. डिसेंबरच्या शेवटी पुण्यात हेच उत्तर येतं. पाचवीच्या वेळेच्या गणिताला याहून चांगलं उदाहरण पुस्तकात सापडणार नाही.

मग घड्याळ चूक आहे का?

मुलं हाच प्रश्न विचारतात. घड्याळ चूक नाही, ते आपल्या गावाचं नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरवली आहे. ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. पुणे त्या रेषेच्या साडेआठ अंशांहून थोडं अधिक पश्चिमेला, म्हणून पुण्यातली खरी मध्यान्ह सरासरीने ३४-३५ मिनिटं उशिरा. मुंबईत आणखी चार मिनिटं जास्त. नागपुरात मात्र सरासरी सव्वाबाराच्या आतच. पृथ्वीचा आस कललेला आणि कक्षा किंचित लंबगोल असल्यामुळे ही वेळ वर्षभर पुढेमागे होत राहते. मुंबईत नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती सुमारे १२:२२ असते, फेब्रुवारीच्या मध्याला सुमारे १२:५३.

चौथीच्या मुलांना कक्षा आणि आस सांगू नयेत, असं माझं मत. 'आपलं घड्याळ पूर्वेकडच्या एका गावाच्या सूर्याला लावलंय' एवढं पुरे. त्याबरोबर एक गोष्ट जरूर सांगावी. देशाची प्रमाणवेळ १९०६ मध्ये सुरू झाली, पण मुंबईने आपली वेगळी 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत सोडली नव्हती. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती. ३९ हा आकडा कुठून आला, हे आता वर्गातलं पोरही सांगू शकतं.

आणि दिशा? पुण्यात २१ जूनच्या मध्यान्हीला सूर्य डोक्याच्या थोडा उत्तरेला असतो, म्हणून एक मीटरच्या काठीची सावली दक्षिणेला पडते, जेमतेम ९ सेंटिमीटर. मार्चच्या आणि सप्टेंबरच्या २१-२३ तारखांना ती उत्तरेकडे साधारण ३३, आणि डिसेंबरात ९०. दिल्लीत तर सूर्य बरोबर डोक्यावर कधीच येत नाही, कारण ती कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. सावली एका दिवशी मोजून सोडून दिली तर ही सगळी गंमत हुकते. महिन्यातून एकदा, त्याच काठीने, त्याच जागी खूण करायची. जूनपासून एप्रिलपर्यंत दहा-अकरा खुणा जमतात आणि ऋतू नावाची गोष्ट फरशीवर आखली जाते.

पावसाचा मिलिमीटर

परिसर अभ्यास हा विषय तिसरी ते पाचवीला असतो, सामान्य विज्ञान सहावीपासून सुरू होतं. विज्ञान, भूगोल, घरदार, पाणी, शेती हे सगळं एकत्र शिकवायचं, कारण आठ वर्षांच्या मुलाच्या अनुभवात त्याचे कप्पे नसतात. असा एकत्र विषय हाताने शिकवायचा असेल तर महाराष्ट्रात पावसाहून योग्य काही नाही.

बातम्यांत 'आज ४० मिलिमीटर पाऊस' ऐकून मुलं एक रास्त शंका काढतात. पाणी लिटरमध्ये मोजतात, मग पाऊस पट्टीने का? पटांगणात पाच भांडी ठेवून द्या: सरळ बाजूचा मोठा डबा, सरळ बाजूचा छोटा डबा, बादली, तांब्या आणि कापलेली बाटली. अंदाज घ्या. जवळपास सगळे म्हणतात, मोठ्या डब्यात पाणी जास्त उंच चढेल. पाऊस झाल्यावर पट्टी घाला. दोन्ही सरळ डब्यांत उंची सारखीच! मोठ्या डब्यात लिटर जास्त आहेत हे खरं, पण त्याचा तळही तितकाच मोठा. म्हणून पावसाला उंची लावली की कुणाच्या भांड्याचा आकार मध्ये येत नाही. बादलीत मात्र उंची जास्त निघते, कारण ती तळाशी निमुळती. आणि तांब्या? त्याचं कारण मुलांनाच शोधू द्या, तोंड आणि पोट यांच्या मापात ते दडलेलं आहे.

आता पर्जन्यमापक बनवायचा, आणि इथे तंत्रज्ञान येतं. प्राथमिक शाळेतलं तंत्रज्ञान म्हणजे संगणक, असं उगीचच होऊन बसलंय. एखादं काम नेमकं व्हावं म्हणून वस्तू बनवणं, ती फसणं आणि दुरुस्त करणं, हे तंत्रज्ञान. पाण्याची मोठी बाटली घेतली की पहिली फजिती तळाशी होते, तिथे खळगे असतात. उपाय म्हणजे सरळ भाग सुरू होईपर्यंत खडे आणि पाणी भरून तिथे शून्याची रेघ मारायची. बाटलीचं कापलेलं तोंड उलटं करून वर बसवलं तर पाणी उडून जाणं कमी होतं. वारा बाटली पाडतो, म्हणून ती वाळूच्या डब्यात रोवायची. कडा जमिनीपासून फूटभर उंच हवी, नाहीतर आपटून उडालेले थेंब आत येतात. भिंत आणि झाड यांपासून लांब, निदान त्यांच्या उंचीच्या दुपटीइतकं. प्रत्येक सुधारणा आधीच्या फजितीतून यावी, मापं सुरुवातीलाच फळ्यावर लिहून दिली तर उरतो तो हस्तकलेचा तास.

हवामान खातं रोज सकाळी साडेआठला नोंद घेतं आणि त्या आधीच्या चोवीस तासांचा पाऊस मोजतं. शाळेनेही तीच वेळ धरावी. म्हणजे तिचा आकडा जवळच्या केंद्राच्या आकड्याशी ताडून पाहता येतो, आणि दोन्ही आकडे क्वचितच जुळतात. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझ केंद्रावर ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मीटरपट्टी जमिनीवर उभी धरून दाखवा, तिसरीतल्या मुलाच्या छातीपर्यंत येतो. त्याच चोवीस तासांत वीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटर. दोन्ही आकडे बरोबर होते. शेतकऱ्यांच्या घरातल्या मुलांना हा मुद्दा वेगळा समजवावा लागत नाही. महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या सरकारी गटात, चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला की सरकारदरबारी अतिवृष्टी, आणि आपल्या शिवारात ढग फुटला पण मंडळाच्या मापकावर पन्नासच भरला, ही चर्चा त्यांनी घरी ऐकलेली असते.

मिलिमीटरवरून लिटरकडे परतायला एक सोपा पूल आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. सपाट फरशीवर मीटर-मीटरचा चौकोन आखून कडेने मातीचा बांध घालायचा आणि त्यात दहा लिटर ओतायचे. पाणी एक सेंटिमीटर चढतं. मग शाळेचं छप्पर मोजायचं. आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद धरलं तर ४८ चौरस मीटर. २५ मिलिमीटर पावसात त्यावर १,२०० लिटर पडलं. हजार लिटरची काळी टाकी भरून वर उरतं, तेही एका पावसात, आणि सगळं पागोळ्यांतून गटारात गेलं. एप्रिलमध्ये घरून पाण्याची बाटली आणावी लागणाऱ्या शाळेत हा आकडा वर्गात बराच वेळ गाजतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात दरवर्षी पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी धरून गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिकं ठरवतात. छपराचं हे गणित त्याच जातीचं आहे, आकाराने लहान एवढंच.

पुढची पायरी जमिनीची. तीन बाटल्या आडव्या कापून एकीत नुसती माती, दुसरीत मातीवर पालापाचोळा, तिसरीत गवत रुजवलेली माती घ्यायची आणि तिन्हींत एकेक पेला पाणी ओतायचं. खालच्या पेल्यांत काय जमतं त्याचा रंग पाहिला की धूप म्हणजे काय यावर व्याख्यान लागत नाही. गवताची बाटली मात्र पंधरवडाभर आधी पेरून ठेवावी लागते, आणि इथे बहुतेक शिक्षकांचा उत्साह मावळतो.

सामान, वेळ आणि परीक्षा

'आमच्याकडे प्रयोगशाळा नाही' ही सबब प्राथमिक शाळेला लागू पडत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि नंतर, १९५७ पासून, कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे काम उभं केलं, त्यात शिंपले, बिया, पानं, दगड हेच शैक्षणिक साहित्य होतं. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी त्यांनी शाळाच कुरणात नेली. अरविंद गुप्ता १९७८ मध्ये पुण्याच्या टेल्कोतून (आताची टाटा मोटर्स) रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीतल्या काड्या जोडून आकार बनवायची त्यांची युक्ती तिथली. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चार काड्यांचा चौकोन लगेच लवतो. चौकोनाला तिरकी काडी घातली की तोही ताठ. मग मुलांना मान वर करून पत्र्याच्या छपराची कैची पाहायला सांगायचं, आणि बाहेर मोबाइलचा टॉवर. खर्च दहा-वीस रुपये.

खरी अडचण वेळेची आणि माणसांची आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. दोन शिक्षक, चार-पाच इयत्ता, वर माहिती भरण्याची कामं. पण अशा शाळेत एक फायदाही असतो, तो फारसा कुणी वापरत नाही: वेगवेगळ्या वयाची मुलं एकाच पटांगणात असतात. सावलीच्या टोकाशी खडा ठेवायला पहिलीतलं मूल पुरतं, वेळ वाचायला तिसरीतलं, लांबी मोजायला चौथीतलं, वर्षाचा आलेख काढायला पाचवीतलं. प्रयोग एकच, काम आपापल्या वयाचं. शहरातल्या साठच्या वर्गापेक्षा हे इथे सोपं जातं.

परीक्षेचं कोडं मात्र जुनं आहे. होशंगाबादचा कार्यक्रम १९७२ मध्ये सोळा शाळांत सहावी ते आठवीसाठी सुरू झाला होता. त्यात मुलं पुस्तक उघडं ठेवून परीक्षा देत आणि प्रत्यक्ष प्रयोगालाही गुण असत. परीक्षा तशी ठेवली म्हणूनच शिक्षण तसं राहिलं. २००२ मध्ये तिथल्या सरकारने कार्यक्रम बंद केला तोवर तो शेकडो शाळांत पोहोचला होता. आपल्याकडे मुलांनी वर्षभर सावली मोजली आणि प्रश्नपत्रिकेत 'सावली सर्वांत लहान केव्हा असते? (१ गुण)' असं आलं, तर शहाणं मूल 'दुपारी बारा वाजता' असंच लिहील आणि त्याला तो गुण मिळेल. निदान वर्गाच्या चाचणीत तरी प्रश्न बदलता येतो. सावलीच्या नोंदींचा तक्ता द्या आणि विचारा, यातली कोणती नोंद चुकलेली वाटते आणि का?

करून पाहणाऱ्यांसाठी काही तारखा. मध्यान्हीला सावली काठीच्या पायाशी नाहीशी होते असे दिवस महाराष्ट्र आणि गोव्यात वर्षातून दोन येतात. पहिला मे महिन्यात: पणजीत २-३ तारखेच्या सुमारास, कोल्हापुरात ६-७ ला, पुण्यात १३-१४, मुंबईत १५-१६, नागपुरात २६ च्या आसपास. तेव्हा शाळांना सुट्टी असते, त्यामुळे हा प्रयोग मुलांना घरचा अभ्यास म्हणून देता येतो, गच्चीवर उभी ठेवलेली बाटलीही चालते. दुसरा नागपुरात जुलैच्या मध्यावर, मुंबई-पुण्यात जुलैच्या अखेरीस, कोल्हापुरात ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आणि पणजीत १० ऑगस्टच्या आगेमागे येतो. तेव्हा शाळा भरलेली असते आणि आभाळही, म्हणून आठवडाभर आधीपासून काठी रोवून तयार ठेवावी आणि ऊन पडलं की पळत सुटावं. मुलांना एक ताकीद मात्र पहिल्या दिवशीच द्यावी: सूर्याकडे थेट पाहायचं नाही, सावलीकडे पाहायचं.